वाघळांनी टाकलेल्या सुपाऱ्या

१४ सप्टेंबर, रविवार. किहीम

आज परत भांडण. वाडी झाडणाऱ्या सुगंधाने माझ्या ताडपत्रीवरच्या सुपाऱ्या उचलल्या. सगळ्या.

पहाटे उठून बेहड्याच्या झाडाखाली ताडपत्री मी अंथरायची. वाघळं रात्रभर हिंडून येणार, उलटी लटकणार, मुतणार. ते थेंब सिरिंजने ओढून बाटलीत भरायचे, बर्फात ठेवायचे. याला संशोधन म्हणतात आणि यासाठी मी पीएचडी केली. मुताबरोबर वरून सुपाऱ्याही पडतात. पिकलेल्या सुपारीचं साल वाघळं चोखतात आणि आतलं बी टाकून देतात. त्यावरची लाळ मला हवी असते. आणि ही बया खराटा घेऊन माझ्या आधी हजर!

"अगं, मी नुसती कापसाची काडी फिरवते आणि तुला परत देते."

"मंग काडी फिरव आणि माझ्या टोपलीत टाक. पर माझ्यासमोर. तुम्हा शिकलेल्यांचा भरवसा न्हाय."

इथल्या वाड्यांतली रीतच आहे. झाडावरची सुपारी मालकाची, वाघळाने खाली टाकलेली वाडी झाडणारणीची. मालक अण्णासुद्धा तिला हात लावत नाहीत. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेला माणूस, एरवी नारळाची झावळीही सोडत नाही. पण ही रीत पाळतो.

सुगंधा यंदा सुपारी विकणार नाही म्हणते. लेकीची, रेश्माची, सुपारी फोडायची आहे. मुलगा रेवसचा. "पोरीच्या सुपारीला घरची सुपारी नको? का दुकानातली आणू, किडकी?"

शेवटी दोघींनी एकाच ताडपत्रीवर बसून काम केलं. मी काडी फिरवायची, ती उचलायची. मधूनच म्हणाली, "बाय, तुझं लगीन झालेलं न्हाय ते या मुतामुळं का?"

हसू आलं. राग पण आला.

१७ सप्टेंबर

प्रकल्पाच्या सरांची ऑनलाइन मीटिंग. सर पुण्यात, एसीत. पुढचा मोठा रोग जनावरांतून माणसात कुठून उतरणार ते आधीच हुडकायचं, आणि तो आपल्याकडे उतरला तर आपलं नाव व्हायचं. दुसरा भाग ते बोलत नाहीत, पण ऐकू येतो.

वाडीतल्या बायकांसाठी हातमोजे आणि मास्क आलेत, खोकी भरभरून. मी म्हटलं, सर, गमबूटही द्या. बायका अनवाणी पाटाच्या पाण्यात उभ्या असतात आणि वाडीत उंदीर मांजराएवढे झालेत. लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुतातून येणारा ताप, व्हायला अजून काय लागतं?

"वैशाली, फोकस. आपला अभ्यास वाघळांचा आहे. लेप्टोवर जगाने काम केलंय."

जगाने केलंय म्हणे. जग येऊन पाटात उभं राहणार आहे का?

१८ सप्टेंबर

सुगंधाने मोजे घातले, फोटो काढून घेतला, मग काढून ठेवले. संध्याकाळी बघते तर त्याच मोज्यांनी बोंबील साफ करत बसलीय. "लय बरं हाय गो. हाताला वासच येत न्हाय."

२१ सप्टेंबर, सर्वपित्री. तळा

घरी आलेय. बाबांचं भात जोमात आहे. शेजारचे विठूकाका तापातून उठलेत. लेप्टोच. डोळे अजून पिवळे. आरोग्य केंद्राच्या आशाताई आवणीला, भातलावणीच्या वेळी, त्याच्या गोळ्या वाटून गेल्या होत्या, यांनी कोनाड्यात ठेवून दिल्या. बाबा मला म्हणतात, "वैशे, इतकी शिकलीस ती वाघळांच्या बुडाखाली बसायला?" सगळे हसले. आईने पानात जास्तीचं वाढलं, म्हणजे तिलाही तेच वाटतं.

लहानपणापासून पावसात हा ताप बघतेय. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. वेळेवर साधी गोळी मिळाली तर माणूस उठून शेतावर जातो. यावर कोणी परिषदा भरवत नाही.

२५ सप्टेंबर

बर्फाची पेटी घेऊन रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला. पुढे सरांचा माणूस पेटी नेतो. शेजारी पाटी घेऊन एक मासेवाली.

"काय हाय पेटीत? पापलेट?"

"वाघळांचं मूत."

भाऊच्या धक्क्यापर्यंत अख्खा बाक मला एकटीला.

३० सप्टेंबर

परतीचा पाऊस काही परतत नाही. वाडीतले पाट तुंबले. अण्णांच्या कॉटेजना दिवाळीचं बुकिंग, म्हणून सगळं साफ करून घेताहेत. सुगंधा सकाळपासून गुडघाभर पाण्यात, गाळ उपसत. टाचांना या भेगा! त्यात माती भरलेली.

म्हटलं, "तेल लाव गं रात्री."

"लावीन," म्हणाली.

झालं एवढंच बोलणं. मग मी माझ्या ताडपत्रीकडे गेले.

६ ऑक्टोबर

सुगंधा दोन दिवस आली नाही. ताडपत्रीवर सुपाऱ्या तशाच पडल्या होत्या. बरं वाटायला हवं होतं, नाही वाटलं.

दुपारी रेश्माचा फोन. ती अलिबागेत औषधांच्या दुकानात असते, तिला थोडंफार कळतं. "मॅडम, आईला ताप हाय. पोटऱ्या धरून रडते. डोळे लालभडक."

मी लगेच म्हटलं, लेप्टो. हॉस्पिटलात ने, आत्ता ने.

आणि मग नियमाप्रमाणे सरांना कळवलं. वाडीत काम करणाऱ्या कोणालाही ताप आला की सरांना ताबडतोब कळवायचं, सही केलीय तशी. मेसेजमध्ये लिहिलं: लेप्टो वाटतो, पाटात काम केलंय. आणि खाली: वाघळांच्या सुपाऱ्या रोज हाताळते.

दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहायचं असतं.

७ ऑक्टोबर

हॉस्पिटल गावाबाहेरचं, नवं, काचेचं. सुगंधाला टोकाच्या खोलीत ठेवलंय. दाराला पट्टी. आत कोणी नाही. बाहेर दोन सिस्टर, तोंडावर दोन-दोन मास्क, पुढे जायला तयार नाहीत.

सरांनी काल रात्रीच थेट डॉक्टरांना फोन केला होता. "वाघळातून आलेला संशयित रुग्ण." माझ्या मेसेजमधली वरची ओळ गाळली, खालची सांगितली.

मी डॉक्टरांना म्हटलं, "अहो, लेप्टो आहे. पाण्यात उभी होती. इंजेक्शन तरी सुरू करा, त्याने नुकसान काय आहे?"

"मॅडम, तुमचेच सर म्हणतात नमुना पुण्याला जाऊन रिपोर्ट येईपर्यंत कमीत कमी संपर्क ठेवा. माझा स्टाफ आत जायला नाही म्हणतोय. मी कोणावर जबरदस्ती करू?"

"मी जाते आत. मी टोचते."

"तुम्ही गुरांच्या डॉक्टर ना?"

व्हेटरनरी. हो. गुराला ताप आला असता तर आत्तापर्यंत इंजेक्शन झालंसुद्धा असतं.

सरांना फोन केला, मी ओरडले. सर शांत. "इमोशनल होऊ नकोस. हे किती महत्त्वाचं आहे तुला कळतंय का?"

८ ऑक्टोबर

अजून इंजेक्शन नाही. अजून! काचेतून बघितलं. पाण्याची बाटली तिच्या हाताला लागत नव्हती, हात नुसता चाचपडत होता.

रेश्मा दुकानातून गोळ्या घेऊन आली. सिस्टर म्हणाल्या, ठेवून जा. तिने पट्टी वर केली आणि सरळ आत गेली. मास्क नाही, काही नाही. आईला उठवून बसवलं, गोळी तोंडात घातली, पाणी पाजलं. बाहेर येऊन माझ्याकडे न बघता गेली.

मी दाराशीच उभी. हातात हातमोजे, आपल्याच खोक्यातले.

९ ऑक्टोबर

लघवी बंद झाली. आता सगळ्यांची धावपळ. मुंबईला हलवा! पहिल्या अँब्युलन्सवाल्याने "वाघूळ" ऐकलं आणि गाडी वळवून गेला. दुसरा आला, त्याला कोणी काही सांगितलंच नाही.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी दारातच बघून विचारलं, लेप्टोचं औषध कधी सुरू केलं? रेश्मा म्हणाली, "मी काल दिलं. गोळी."

डायलिसिस सुरू.

११ ऑक्टोबर

रिपोर्ट आले. वाघळांचा विषाणू: नाही. लेप्टो: आहे.

सरांचा फोन. "चला, बरं झालं," म्हणाले. पण आवाज पडलेला. पेढे आणून ठेवावेत आणि मुलगा नापास व्हावा, तसा. मग लगेच सावरले. "तरीपण संशयित केस म्हणून व्यवस्थित लिहून काढ. वाडी, सुपारी, हाताळणी, सगळं. फोटो आहेत ना, मोजे घातलेले?"

आहेत. हसतेय त्यात.

१५ ऑक्टोबर

सुगंधा जगतेय. डायलिसिस बंद करून बघताहेत.

इकडे गावात रोग नसताना रोग पसरलाय. किराणावाल्याने रेश्माला पैसे खाली ठेवायला सांगितले. वाडी झाडायला बायका येत नाहीत. अण्णांची दोन बुकिंग रद्द. मी प्रत्येकाला सांगते, अहो लेप्टो, उंदराच्या मुतातून, पाटाच्या पाण्यातून. मान डोलवतात. मग विचारतात, "पण आधी वाघळाचं म्हणत होते ना? पुण्याचे साहेब काय उगाच म्हणतील?"

लेप्टोची कोणाला भीतीच नाही, तो घरचा. माणसं मारतो, पण घरचा.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

अण्णांनी बेहड्याखाली सुतळी बॉम्ब लावले. माळाच्या माळा. वाघळं ओरडत उठली, आभाळ काळं. पिल्लं खाली पडली. मी धावत गेले, अण्णांच्या हातातली उदबत्ती हिसकावली.

"अण्णा, काय करताय? घाबरवलेलं, उपाशी वाघूळच जास्त विषाणू टाकतं. आजवर एकाही नमुन्यात काही सापडलेलं नाही. तुम्ही आता ओढवून घेताय!"

"म्हणजे विषाणू असतो तर!" अण्णा म्हणाले. पाहुण्यांसमोर, मोठ्याने.

असू शकतो. कधीतरी, कुठल्यातरी वाघळात. म्हणून तर मी इथे आहे. "नसतोच" असं मी म्हणू शकत नाही आणि "असू शकतो" म्हटलं की सगळ्यांना "आहे" ऐकू येतं. या नोकरीत तोंड उघडणंच पाप.

४ नोव्हेंबर

सुगंधा घरी आली. निम्मी झालीय. पण जीभ शाबूत. "मना बघायला आलीस का काडी फिरवायला आलीस?"

पडवीत बसलो. चहा रेश्माने दिला, माझ्यासमोर आदळून ठेवला. घरात आणखी कोणी फिरकत नाही. शेजारीण कुंपणापलीकडूनच विचारते. अण्णांनी निरोप पाठवलाय, तब्येत सांभाळ, वाडीची काळजी करू नकोस. म्हणजे येऊ नकोस.

रेश्माला मी काहीतरी म्हटलं, नियम होते वगैरे. प्रोटोकॉल. तर ती म्हणाली, "सलाईनमधनं तुमचा प्रोटोकॉलच चढवायचा होता मग आईला."

पोरगी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

रेवसवाल्यांनी अजून नाही म्हटलेलं नाही. होही म्हणत नाहीत. "बघू, देवदिवाळी होऊ दे."

१० नोव्हेंबर

वाघळं परत आली. वाळलेली, बिथरलेली. ताडपत्री अंथरली. एकटीच बसले. सुपाऱ्या पडत होत्या, काडी फिरवली, बर्फात ठेवली. सुपाऱ्या पिशवीत भरून सुगंधाच्या घरी नेऊन दिल्या. तिने बोटांनी चाचपून बघितल्या.

"दोन-चार कमी असतील. तुझी नजर न्हाय."

१७ नोव्हेंबर

बातमी. प्रकल्पाचा दुसरा टप्पा मंजूर. सर खुशीत. "तुझ्या त्या केसमुळे दारं उघडली, वैशाली. निगेटिव्ह असली तरी लोकांना दिसलं ना, धोका किती जवळ आहे!" माझी नोकरी आणखी वाढली. नवा फ्रीझर येणार. मुंबईत सादरीकरण, त्यात सुगंधाचा फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी लावून.

म्हटलं, "सर, तिला एक पत्र द्या. तिला वाघळांचा आजार नव्हता, एवढंच. लग्न अडलंय पोरीचं."

"आपण वैयक्तिक पत्रं देत नाही गं. उद्या प्रत्येक जण मागेल."

हरामखोर. लिहिलं, बरं वाटलं. तोंडावर म्हणायची छाती नाही. पगार त्याच्याच सहीने येतो.

१९ नोव्हेंबर

मीच कागदावर लिहून, सही करून रेश्माला दिलं. तिने वाचलं. "याच्यावर शिक्का न्हाय," म्हणाली. परत दिलं.

२८ नोव्हेंबर

रेवसवाल्यांचा होकार! पुढच्या रविवारी, सात तारखेला, येतात सुपारी फोडायला. मुलगा हट्टाला पेटला म्हणे, दुसरी करणार नाही. शाबास रे पठ्ठ्या.

सुगंधाचा निरोप: "डॉक्टरणीला सांग, साडी नेसून ये. मुताच्या कपड्यांत नको."

७ डिसेंबर, रविवार

लिहायला हवं, डोकं अजून गरगरतंय.

सुगंधाचं अंगण सारवलेलं, मांडव छोटासाच. रेवसची माणसं अकराच्या सुमारास आली. इकडची थोडीच, तीही कडेला उभी. अण्णा आले, खुर्चीत बसले, रुमाल नाकाशी. मी उसनी पैठणी नेसून, घामाघूम.

मुलाच्या मामांनी सुपारी फोडली, "जमलं" म्हणाले, नारळ दिला. तोवर सगळं छान. मग पानसुपारीचं तबक फिरायला लागलं. मामांनी विचारलं, "सुपारी अलिबागेसनं आणली ना?"

रेश्मा "हो" म्हणणार होती. मी बघितलं, तिने तोंड उघडलं होतं. सुगंधा आतून म्हणाली, "घरची हाय. माझ्या हाताची. चांगली वाळलेली."

तबक तिथेच थांबलं. मामांनी पान उचललं, सुपारी तशीच ठेवली. त्यांच्या मागच्या बाईने पदर तोंडाला लावला. सुगंधा दारात उभी, काठीला धरून. कोण घेतंय, कोण नाही, बघत होती. एकेका चेहऱ्याकडे.

कोणीतरी म्हणालं, "डॉक्टरीण बसल्यात की. त्यांना द्या आधी."

आता सगळे माझ्याकडे.

दिवाळीपासून उन्हात वाळलेल्या सुपारीत काही जिवंत राहत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ते सांगू शकले असते. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: आणि ओली? ओल्या सुपारीचं मी "काही नाही" म्हणू शकले नसते. म्हणून काहीच बोलले नाही. अख्खं खांड उचललं आणि तोंडात टाकलं. चावलं. कडाकडा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मी जन्मात सुपारी खाल्लेली नाही. दोन मिनिटांत कान तापले, घाम फुटला, अंगण फिरायला लागलं. मनात म्हटलं, मेले! आता हे म्हणणार, बघा, वाघळाचा रोग, जागच्या जागी. मामा उठून उभेच राहिले.

आणि सुगंधा हसायला लागली. इतक्या महिन्यांनी. "अगो बाय, डॉक्टरणीला सुपारी लागली! गूळ आणा, पाणी आणा!"

मग सगळेच हसले. मामा तर पोट धरून. कोणी गूळ दिला, कोणी पदराने वारा घातला. हसता हसता तबक फिरलं. मामांनी खाल्ली, पदरवाल्या बाईने खाल्ली, अण्णांनी रुमाल खिशात ठेवला आणि दोन खांडं घेतली. तबक रिकामं.

निघताना रेश्माने वाकून नमस्कार केला. नको नको म्हणत होते, पण केला. लग्न माघात.

गेल्या कित्येक महिन्यांत केलेलं एकमेव चांगलं काम, आणि ते तोंड बंद ठेवून.

९ डिसेंबर

सुगंधा वाडीत परत! अण्णांनी स्वतः बोलावलं. आणखी दोघी आल्या तिच्याबरोबर.

पण आता मोजे कोणीच घालत नाही. दुसऱ्या दोघी तर ओल्या सुपारीचं साल दाताने सोलतात, वाघळाने टाकलेल्या. मी म्हटलं, अगं, नका. तर सुगंधा म्हणते, "तू खाल्लीस ना? सगळ्यांनी बघितलं. आता कशाला भीती घालतेस?"

"ती वाळलेली होती गं."

"सुपारी ती सुपारी."

१५ डिसेंबर

दुपारी सरांचा फोन. आधी दार लाव, म्हणाले.

नोव्हेंबरमधल्या नमुन्यांपैकी एक संशयास्पद आलाय. सुपारीवरच्या लाळेचा. पक्का नाही, परत तपासताहेत, मशीनची चूकही असू शकते. उत्तर यायला वेळ लागेल.

"कोणाला एक अक्षर बोलायचं नाही. गावात तर मुळीच नाही. मागच्या वेळी काय गोंधळ झाला, माहीत आहे ना?"

मागच्या वेळी गोंधळ कोणी केला, सर?

विचारलं नाही. "हो" म्हटलं.

नोव्हेंबर म्हणजे अण्णांच्या बॉम्बनंतरची सुपारी. बिथरलेली वाघळं. माझा मेसेज, सरांचा फोन, गावाची भीती, अण्णांचे बॉम्ब, आणि आता हे. शोधायला आले ते आम्हीच तयार केलं की काय? आणि त्या सुपाऱ्या मीच पिशवीत भरून तिच्या पडवीत नेऊन दिल्या. काडी फिरवून झाल्यावर.

१६ डिसेंबर

बोलले तर? लग्न मोडेल, सुगंधा पुन्हा घरात, बेहडा तोडतील, वाघळं मारतील. आणि उत्तर "मशीनची चूक" असं आलं तर कोणी ऐकायलासुद्धा येणार नाही.

नाही बोलले तर त्या दोघी उद्या परत दाताने साल सोलतील.

बाबांना फोन केला. काही सांगितलं नाही, नुसती भाताची चौकशी. "आवाज का असा गं?" म्हणाले. म्हटलं, सर्दी.

१७ डिसेंबर

अलिबागेतून गमबूट आणले. माझ्या पैशाने, तीन जोड. सोबत हातमोज्यांचं नवं खोकं. वाटलं, दोन्ही एकदम दिलं की कोणी काही विचारणार नाही. पायात बूट, हातात मोजे, मला तोंड उघडायलाच नको.

पहाटे वाडीत गेले. वाघळं परतत होती. तिघी झाडत होत्या. सुगंधाने बूट बघितले, तिथेच पाटाच्या काठावर बसून घातले, उठून दोन पावलं पाण्यात टाकली. डोळे भरून आले तिचे. खरंच. म्हणाली, "आधी का न्हाय आणलेस गो?"

मग खोकं उघडलं, मोजे बघितले, आणि बंद करून माझ्या हातात परत दिलं.

"पायाचं खरं होतं. ते तू पयल्यापासनं सांगत होतीस. हाताचं तुझ्या त्या सायबाचं. तेच्यापायी मी मरत होते. हे ने परत."

मी खोकं धरून उभी. तिने खाली वाकून ताडपत्रीवरची एक ओली सुपारी उचलली, नारिंगी, वाघळाच्या दाताची खूण असलेली. पदराला पुसली. "तुझी काडी फिरवायची हाय का हिच्यावर?"

"सुगंधा," मी म्हटलं.

"काय?"

दुसऱ्या दोघीही खराटे थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या.